बर्गंडीची पांढरी वाइन : हंगामवर्षांची तुलना आणि पुराव्याची विश्वसनीयता

प्रास्ताविक

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरे यांचा उल्लेख ओघाने येतो. शेतातून निघालेले पीक हे स्वतःच साधन ठरू शकते, ही कल्पना मात्र त्या मानाने अलीकडची आहे. फ्रान्सच्या पूर्व भागातील बर्गंडी हा प्रांत या दृष्टीने अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटतो. या प्रांतातील बोन या नगरात द्राक्षांचा खुडा कोणत्या दिवशी सुरू झाला, याच्या नोंदी इ.स. १३५४ पासून आजपर्यंत उपलब्ध आहेत. त्याच प्रदेशातील तळघरांत वर्षवार लावून ठेवलेल्या बाटल्या हा त्या नोंदींना समांतर असा दुसरा संग्रह होय. दप्तरातील तारीख त्या वर्षीचे हवामान सांगते. त्या हवामानाचे द्राक्षरसात काय झाले, ते बाटली सांगते.

वाइनच्या व्यवहारात ज्या वर्षी द्राक्षे खुडली त्या वर्षाला 'मिलेझीम' असे म्हणतात. मराठीत त्यास 'हंगामवर्ष' म्हणता येईल. एकाच बागेच्या निरनिराळ्या हंगामवर्षांची वाइन शेजारी ठेवून चाखणे आणि त्यांचा उजवा-डावा क्रम लावणे, ही आज जगभर रूढ झालेली प्रथा आहे. ती जितकी प्राचीन समजली जाते तितकी ती नाही. प्रस्तुत लेखात बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनच्या संदर्भात ही प्रथा कशी घडत गेली, तिला कोणत्या संस्थांचा आधार मिळाला आणि गेल्या तीन दशकांत तिच्या पायालाच धक्का कसा बसला, याचा विचार केला आहे. लाल वाइनचा विचार येथे आनुषंगिक आहे.

मठ, बाटली आणि गव्हाची भाकरी

बर्गंडीतील द्राक्षशेतीचा मध्ययुगीन इतिहास बव्हंशी ख्रिस्ती मठांचा इतिहास आहे. सितो येथील मठाची स्थापना १०९८ मध्ये झाली. त्याच परंपरेतील पोंतिन्यी मठाच्या (१११४) भिक्षूंनी उत्तरेकडील शाब्लीच्या परिसरात पांढऱ्या द्राक्षांची लागवड वाढविली. पुढे १३९५ मध्ये ड्यूक फिलिप याने गामे या भरघोस पिकणाऱ्या जातीविरुद्ध काढलेला हुकूम प्रसिद्ध आहे. तथापि हा हुकूम लाल वाइनच्या प्रतिष्ठेसाठी होता. पांढऱ्या द्राक्षांकडे राज्यकर्त्यांचे त्या काळी फारसे लक्ष नव्हते. शार्लमेन बादशहाच्या पांढऱ्या दाढीवर लाल वाइनचे डाग पडत, म्हणून कॉर्तोंच्या टेकडीवर पांढरी द्राक्षे लावली गेली, अशी कथा आजही पर्यटकांना सांगितली जाते. ती कथा म्हणूनच घ्यावयाची. त्या टेकडीवर शार्दोने ही जात प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावली. तोपर्यंत तेथे आलिगोते व पिनो यांचीच लागवड अधिक होती.

शार्दोनेच्या कुळाविषयीही येथे दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरणार नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार ही जात पिनो आणि 'ग्वे ब्लाँ' यांच्या नैसर्गिक संकरातून निर्माण झाली. पिनो ही सरदारांची व मठांची जात, तर ग्वे ही शेतकऱ्यांच्या साध्या बागेतली आणि वारंवार हेटाळली गेलेली. आज लक्षावधी रुपयांना विकल्या जाणाऱ्या वाइनच्या वंशवृक्षात एक बाजू अशी अकुलीन निघावी, यातील गंमत सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना सहज जाणवेल.

हंगामवर्षांच्या तुलनेकडे वळताना एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. अठराव्या शतकापर्यंत वाइन पिंपात राहत असे आणि पिंपातील वाइन वर्षभरात उतरू लागे. बाजारात नव्या वाइनला भाव असे. जुनी वाइन म्हणजे शिल्लक राहिलेली वाइन. त्यामुळे दोन हंगामवर्षांची वाइन एकत्र चाखण्याचा प्रसंगच क्वचित येई, आणि आलाच तर त्या तुलनेत नव्या वाइनची सरशी ठरलेली असे. ही स्थिती बदलली ती जाड काच, घट्ट बूच आणि आडवी ठेवता येईल अशी सरळ अंगाची बाटली यांच्यामुळे. फ्रान्सच्या राजाने १७२८ मध्ये वाइनची बाटल्यांतून वाहतूक करण्यास मुभा दिली. बोन येथील जुन्या व्यापारी पेढ्यांचा उदय याच सुमाराचा आहे. 'बुशार' या पेढीची स्थापना १७३१ ची. १७२८ मध्येच क्लोद आर्नू या धर्मगुरूने बर्गंडीच्या वाइनविषयी एक प्रबंध लंडनमध्ये प्रसिद्ध केला. माँराशे येथील पांढऱ्या वाइनचे माधुर्य वर्णन करण्यास आपल्याला फ्रेंच वा लॅटिन भाषेत शब्द सापडत नाहीत, अशा आशयाची कबुली त्याने दिली आहे. पुस्तक लंडनमध्ये निघाले, ही गोष्ट लक्षणीय होय. बर्गंडीच्या वाइनला परदेशी ग्राहक मिळू लागला होता आणि त्या ग्राहकाला काय विकत घ्यावे हे सांगणारे कोणी तरी हवे होते.

पांढऱ्या वाइनचा अर्थव्यवहार किती बेभरवशाचा होता, याचा उत्कृष्ट पुरावा थॉमस जेफरसन याच्या प्रवासटिपणांत आढळतो. अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसमध्ये असताना मार्च १७८७ मध्ये तो बर्गंडीतून गेला. पोमार आणि व्होल्ने या गावांत शेतमजूर गव्हाची भाकरी खाताना त्याला दिसले. लगतच्या मर्सो गावात मात्र राय या हलक्या धान्याची. त्याने कारण विचारले. पांढरी वाइन लाल वाइनपेक्षा अधिक वेळा बिघडते आणि विकली न जाता पडून राहते. त्यामुळे मालकाला मजुरांना चांगले अन्न देणे परवडत नाही, असे त्याला सांगण्यात आले. मर्सोच्या जमिनीत दगड फार, म्हणून तेथे लाल द्राक्षे लावता येत नाहीत, हेही त्याने टिपून ठेवले. त्याच टिपणांत माँराशेच्या वाइनला सर्वोत्कृष्ट लाल वाइनच्या बरोबरीचा भाव असल्याचे तो लिहितो. म्हणजे अवघ्या काही किलोमीटरच्या अंतरात एकाच द्राक्षाची वाइन राजेशाही भावाने विकली जात होती आणि तिच्याच शेजारी मजुराच्या ताटातले धान्य बदलत होते. हंगामवर्षाची चर्चा आज रसिकतेच्या परिभाषेत होते. मर्सोच्या मजुराच्या दृष्टीने मात्र ती पोटाशी निगडित होती, याचे भान या एका नोंदीमुळे राहते.

तुलनेला आधार देणाऱ्या संस्था

एकोणिसाव्या शतकात वाइनची प्रतवारी प्रथम जमिनीच्या आधारे झाली. डॉ. झ्यूल लाव्हाल याने १८५५ मध्ये कोत द'ओर जिल्ह्यातील बागांचा इतिहास व वर्गवारी प्रसिद्ध केली. बोनच्या कृषी समितीने १८६१ मध्ये त्याच धर्तीवर नकाशा तयार केला. प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांनी १८७९ मध्ये आपल्या नावाला 'माँराशे' हे दोघांच्या हद्दीत विभागलेल्या सुमारे ८ हेक्टर बागेचे नाव जोडून घेतले. एवढ्याशा जमिनीच्या नावावर दोन गावांनी हक्क सांगावा, यावरून त्या नावाची बाजारातील किंमत स्पष्ट होते. जमीन स्थिर असते. म्हणून जमिनीच्या वर्गवारीला कायमस्वरूपी नकाशा पुरतो. हंगाम दरवर्षी नवा असतो आणि त्याचे मोल ठरविण्यासाठी दरवर्षी भरणारी एखादी सभा लागते.

अशी सभा बोनच्या धर्मार्थ रुग्णालयाने पुरविली. निकोला रोलँ याने १४४३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेला दानात मिळालेल्या बागांची वाइन १८५९ पासून नियमितपणे जाहीर लिलावाने विकली जाऊ लागली. पुढे १९२४ पासून हा लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरू लागला. लिलावातील भावांवरून नव्या हंगामाचा अंदाज बांधला जाई. येथे एक अडचण आहे. नोव्हेंबरच्या मध्यास पिंपातील वाइन जेमतेम काही आठवड्यांची असते. तिच्यातील आंबट आम्लाचे सौम्य आम्लात होणारे रूपांतर पुष्कळदा पूर्ण झालेले नसते. ती ढगाळ असते आणि थंड तळघरात तिचा गंधही पुरता मोकळा होत नाही. हंगामवर्षाविषयीचे पहिले जाहीर मत अशा अपुऱ्या वाइनवर बनते आणि पुढे ते सहसा पुसले जात नाही.

लिलावाच्या दुसऱ्या दिवशी मर्सो येथे भरणाऱ्या 'पोले' या भोजनसमारंभाचे स्वरूप वेगळे आहे. खुड्याच्या शेवटी मजूर व मालक यांनी एकत्र जेवण्याची जुनी रीत झ्यूल लाफों याने १९२३ मध्ये नव्याने सुरू केली. तेथे प्रत्येकाने आपल्या तळघरातील बाटली घेऊन यावयाचे आणि ती शेजाऱ्याला पाजावयाची, असा शिरस्ता आहे. वीस-तीस वर्षांपूर्वीची हंगामवर्षे एकाच मेजावर येतात ती येथे. ज्यांनी ती वाइन स्वतः केली, त्या वर्षीचा पाऊस व गारपीट ज्यांना आठवते, तेच येथे परीक्षक असतात. हंगामवर्षांच्या तुलनेची ही सर्वांत विश्वसनीय पद्धत होय, असे म्हणण्यास जागा आहे. लिखित नोंद मागे फारशी उरत नाही, ही तिची मर्यादा.

मध्यंतरी द्राक्षवेलीवर ओढवलेल्या संकटांनी बर्गंडीच्या बागांचे रूप पालटले होते. फिलोक्सेरा ही मुळांवरील कीड १८७८ मध्ये मर्सो येथे आढळली आणि पुढील काही दशकांत बहुतेक बागा उपटून अमेरिकन खुंटावर कलमे करून नव्याने लावाव्या लागल्या. भुरी व केवडा हे रोगही अमेरिकेतूनच आले. केवड्यावर उतारा म्हणून फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात पुढे आलेले बोर्डो मिश्रण नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांच्या नित्य परिचयाचे आहे. शाब्लीची अवस्था सर्वांत बिकट झाली. कीड, रेल्वेने येणारी दक्षिणेतील स्वस्त वाइन आणि वसंतातील कडाक्याची हिमबाधा यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे सुमारे ५०० हेक्टरच बागा उरल्या होत्या. आज हे क्षेत्र ५००० हेक्टरांहून अधिक आहे. शाब्लीच्या अनेक हंगामवर्षांचा इतिहास म्हणूनच चवीचा नाही. १९४५ आणि १९५७ यांसारख्या वर्षी हिमाने जवळजवळ काहीच हाती लागू दिले नाही, एवढीच त्यांची नोंद.

फ्रान्समध्ये १९३५ च्या कायद्याने उगमस्थानाच्या नावांना संरक्षण मिळाले आणि १९३७ मध्ये माँराशेची हद्द कायद्याने निश्चित झाली. याच सुमारास काही बागमालकांनी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांना पिंपे विकण्याऐवजी स्वतःच बाटल्या भरण्यास प्रारंभ केला. तुलनेच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व फार मोठे आहे. व्यापारी निरनिराळ्या शेतकऱ्यांची वाइन एकत्र करीत, पातळ वर्षाच्या वाइनला दुसऱ्या वर्षाच्या वाइनचा आधार देत. अशा बाटलीवरील वर्षाला फारसा अर्थ नसे. एक बाग, एक मालक आणि एक वर्ष ही तीनही नावे एका चिठ्ठीवर खात्रीने येऊ लागली तेव्हाच हंगामवर्षांची काटेकोर तुलना शक्य झाली. ज्या प्रथेला युगानुयुगांची म्हणून गौरविले जाते, ती या अर्थाने शंभर वर्षांचीही नाही.

चवीची साक्ष

मायकेल ब्रॉडबेंट यांनी १९६६ मध्ये लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावगृहात वाइनचा विभाग पुन्हा सुरू केला आणि १९८० मध्ये आपल्या टिपणवह्यांवर आधारित हंगामवर्षांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक वर्षाला तारे देण्याची त्यांची पद्धत पुढे रूढ झाली. अमेरिकेत १९७८ पासून रॉबर्ट पार्कर यांनी १०० गुणांची पद्धत आणली. एका वर्षाचा, एका संपूर्ण प्रांताचा निकाल एका आकड्यात सांगण्याची सवय त्यातून वाढीस लागली.

या पद्धतींच्या मर्यादा सांगताना १९७६ च्या पॅरिस येथील स्पर्धेचा दाखला वारंवार दिला जातो. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परिअर यांनी आयोजित केलेल्या या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांवरील नावे न पाहता कॅलिफोर्नियाच्या १९७३ च्या एका शार्दोनेला पहिला क्रमांक दिला. मर्सोची १९७३ ची वाइन दुसरी आली, तर १९७२ ची प्युलिन्यी-माँराशे आठव्या स्थानावर राहिली. या घटनेचा अर्थ बहुधा देशादेशांतील चढाओढ म्हणून लावला जातो. तिच्यातील दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. त्या मेजावरील बर्गंडीच्या वाइन तीन-चार वर्षे वयाच्या होत्या. बर्गंडीच्या उत्तम पांढऱ्या वाइनविषयीचा दावा तर ती दहा-वीस वर्षांनी कशी होते याविषयीचा असतो. ज्या वयात चाचणी घेतली त्या वयाविषयी तो दावा नव्हताच.

परीक्षकांच्या इंद्रियांवरही किती विसंबावे, हा प्रश्न २००१ मध्ये बोर्डो येथील संशोधकांनी उपस्थित केला. ५४ जणांना त्यांनी एक पांढरी वाइन चाखावयास दिली आणि तीच वाइन गंधहीन लाल रंग घालून पुन्हा दिली. रंग बदलताच वर्णनाची भाषा बदलली. पांढऱ्या वाइनला लाल वाइनची विशेषणे लागली. यावरून आस्वादन म्हणजे केवळ भ्रम, असा टोकाचा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. साक्षीदार जे पाहतो त्याने त्याच्या आठवणीवर परिणाम होतो, हे न्यायालयात आणि मौखिक इतिहासात सर्वमान्य असलेले तत्त्व येथेही लागू पडते, एवढेच. हंगामवर्षाची कीर्ती हादेखील एक प्रकारचा रंगच आहे. बाटलीवर १९९६ हा आकडा दिसला की परीक्षकाच्या जिभेला काय अपेक्षित आहे ते आधीच ठरून जाते.

१९९६ चे हंगामवर्ष

आणि नेमके या आकड्यानेच बर्गंडीला अडचणीत आणले. पांढऱ्या द्राक्षाच्या पक्वतेचे गणित थोडक्यात असे सांगता येईल : घड पिकत जातो तशी साखर वाढते आणि आम्लता घटते. साखरेपासून मद्यार्क व शरीर मिळते, आम्लतेपासून ताजेपणा व दीर्घायुष्य. उष्ण वर्षी पहिली बाजू वरचढ होते, थंड वर्षी दुसरी. १९९६ चा सप्टेंबर कोरडा, स्वच्छ उन्हाचा पण थंड उत्तरवाऱ्याचा होता. वाऱ्याने मणी आटले आणि साखर व आम्लता दोन्ही एकाच वेळी वाढल्या. असे वर्ष क्वचितच येते. बाजारात आलेल्या वाइनची भरभरून स्तुती झाली आणि अनेक ग्राहकांनी ती पंधरा-वीस वर्षांसाठी तळघरात ठेवली.

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत १९९५ व १९९६ च्या बाटल्या उघडणाऱ्यांना निराळाच अनुभव येऊ लागला. फिकट हिरवट सोनेरी असावयाचा रंग गडद पिवळा, काही बाटल्यांत तपकिरी झाला होता. दबलेल्या सफरचंदाचा, मेणाचा, शिळ्या मधाचा वास येत होता. बाटलीच्या तोंडाशी शिरणारा ऑक्सिजन आणि त्यास अडविणारा सल्फर डायऑक्साइड यांतील तोल ढळला की असे घडते. जुन्या वाइनमध्ये ते स्वाभाविक मानले जाते. सहा-आठ वर्षांच्या वाइनमध्ये ते घडावयास नको होते. या विकृतीस 'अकाली ऑक्सिडीकरण' असे नाव पडले. ती एका मालकापुरती, एका गावापुरती मर्यादित नव्हती. याहून चमत्कारिक बाब म्हणजे एकाच पेटीतील बारा बाटल्यांपैकी एक निकामी, तर शेजारची निर्दोष, असे आढळे.

प्रारंभी दोष साठवणुकीवर टाकण्यात आला. कधीही न हललेल्या बाटल्याही बिघडलेल्या निघाल्या तेव्हा हे स्पष्टीकरण टिकले नाही. कारणांचा शोध घेताना एका कारणाऐवजी अनेक कारणांची साखळी हाती आली. बुचांना लागणाऱ्या बुरशीच्या वासावर उपाय म्हणून क्लोरीनऐवजी पेरॉक्साइडने बुचे धुणे सुरू झाले होते. बूच सहज बसावे म्हणून दिलेल्या लेपामुळे काही बुचे पुरेशी घट्ट बसत नव्हती. आरोग्याच्या व शुद्धतेच्या आग्रहातून सल्फाइटचे प्रमाण घटविले गेले होते. पिंपाच्या तळाशी बसलेला यीस्टचा गाळ वारंवार ढवळण्याची रीत वाढली होती. अधिक पिकलेल्या द्राक्षांची ओढ वाढली होती. आणि १९८० च्या दशकापासून हवेच्या दाबावर चालणारे सौम्य दाबयंत्र सर्वत्र आले होते.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबावयास हवे. जुन्या यंत्रात द्राक्षांचा चोथा निर्दयपणे पिळला जाई. रस हवेत काळवंडे आणि आंबण्याच्या प्रक्रियेत पुन्हा निवळे. जे घटक ऑक्सिजनला लवकर बळी पडणारे, ते या पहिल्याच टप्प्यात संपून जात. नव्या यंत्रातून रस स्वच्छ, फिकट आणि सुगंधी निघू लागला; तरुण वाइन अधिक मोहक झाली. तिच्यातील ते घटक मात्र शिल्लक राहिले आणि त्यांना बाटलीत ऑक्सिजनची गाठ पडली. अडाणीपणा म्हणून जे टाकून दिले त्यात संरक्षण होते, हे कळावयास दहा वर्षे लागली, कारण दहा वर्षे झाल्याशिवाय ते दिसणेच शक्य नव्हते. पुढील काळात अनेकांनी सल्फाइटचे प्रमाण वाढविले, गाळ ढवळणे कमी केले, काहींनी बुचाच्या भुकटीपासून बनविलेली एकसारख्या गुणांची बुचे स्वीकारली. मर्सो-प्युलिन्यी परिसरात आज पूर्वीपेक्षा कसदार पण काहीशी बंद, आगपेटीच्या धुरासारखा वास देणारी वाइन वाढली आहे, ती या भीतीचीच खूण होय.

हंगामवर्षांच्या तुलनेवर याचा परिणाम खोलवर झाला. एका वर्षाच्या दोन बाटल्यांतील फरक दोन वर्षांतील फरकापेक्षा मोठा असेल, तर १९९६ ची तुलना २००२ शी करण्याला आधारच उरत नाही. परीक्षकाने नेमके काय चाखले : तो हंगाम, की ते बूच? जेफरसनला मर्सोच्या रहिवाशांनी जे सांगितले होते, की पांढरी वाइन अधिक वेळा बिघडते, ते दोन शतकांनंतर वेगळ्या कारणाने पुन्हा खरे ठरले. फरक इतकाच, की यावेळी नुकसान मजुराच्या ताटात न दिसता ग्राहकाच्या तळघरात दिसले.

दप्तरातील तारखा

बाटल्यांच्या साक्षीविषयी हा संशय निर्माण होत असतानाच दप्तरांच्या साक्षीचीही फेरतपासणी चालू होती, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाने आवर्जून लक्षात घ्यावा असा आहे. खुडा सुरू करण्याचा दिवस पूर्वी प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठरवावयाचा नसे. नगरपालिका तो जाहीर करी, आणि त्याआधी द्राक्षे खुडणाऱ्यास दंड होई. या जाहीरनाम्यांच्या तारखांवरून उन्हाळ्याचे तापमान अनुमानता येते. द्राक्षे लवकर पिकली म्हणजे वसंत आणि उन्हाळा उष्ण गेला. आल्फ्रेड आँगो याने १८८५ मध्ये अशा तारखा संकलित केल्या. इमॅन्युएल ल रुआ लादुरी यांच्या १९६७ मधील हवामानेतिहासाने या साधनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. 'नेचर' या नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात १३७० ते २००३ या काळातील बर्गंडीच्या तारखांच्या आधारे २००३ चा उन्हाळा अपूर्व ठरविण्यात आला.

थॉमस लाबे, ख्रिस्तियान फिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या साखळीतील कच्चे दुवे उघड केले. प्रचलित तारखा एकोणिसाव्या शतकातील छापील पुस्तकांवरून जशाच्या तशा उतरविलेल्या होत्या. मूळ कागद कोणी पुन्हा पाहिले नव्हते. त्यांनी बोन येथील मूळ दफ्तरांतून १३५४ ते २०१८ ही ६६४ वर्षांची मालिका नव्याने उभी केली, तिचा इतर वृत्तान्तांशी पडताळा घेतला आणि १६५९ पासूनच्या पॅरिसच्या तापमाननोंदींशी मेळ घातला. दुय्यम साधनावर विसंबण्याचा धोका आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. निसर्गविज्ञानाच्या अग्रगण्य नियतकालिकातही तो टळला नव्हता आणि तो दूर करण्यास मोडी वाचकासारखा जुने हस्ताक्षर लावणारा इतिहासकारच लागला.

या मालिकेतून निघालेले चित्र दोन तुकड्यांचे आहे. १३५४ ते १९८७ या काळात बोनचा खुडा सरासरीने २८ सप्टेंबरला सुरू होई. १९८८ ते २०१८ या ३१ वर्षांत तो सरासरी १३ दिवस अलीकडे आला. २००३ पासूनच्या १६ वर्षांपैकी ८ वर्षे संपूर्ण ६६४ वर्षांच्या मापाने असाधारण उष्ण ठरली. ही मालिका मुख्यतः पिनो न्वार या लाल द्राक्षाची आहे, हे खरे. परंतु शार्दोने त्याच उतारावर, त्याच आठवड्यांत पिकते. त्यामुळे तिचा कल पांढऱ्या वाइनला लागू करण्यास हरकत दिसत नाही.

याचा तुलनेच्या परिभाषेवर होणारा परिणाम अद्याप पुरेसा ओळखला गेलेला नाही. 'चांगले वर्ष' म्हणजे द्राक्षे पुरती पिकलेले वर्ष, ही व्याख्या ज्या शतकांत घडली त्या शतकांत पक्वता दुर्मीळ होती. १९४७ आणि १९५९ यांची कीर्ती त्या दुर्मीळतेतून आली. आज पक्वता बहुतेक दरवर्षी मिळते; दुर्मीळ झाली आहे ती आम्लता. म्हणून अलीकडे पांढऱ्या बर्गंडीच्या रसिकांत २०१४ आणि २०१७ यांसारख्या संयमी वर्षांना जो मान मिळतो, तो त्यांच्या आजोबांना उमगला नसता. पूर्वीच्या ताऱ्यांची आणि आजच्या गुणांची सरळ बेरीज करणारी कोष्टके या कारणाने सदोष ठरतात. त्यांत आकडे तेच राहतात, मोजपट्टी बदललेली असते.

लवकर येणाऱ्या वसंताची दुसरी बाजू अशी, की डोळे लवकर फुटतात आणि एप्रिलमधील हिमाच्या तडाख्यात सापडतात. एप्रिल २०१६ मध्ये असे घडले. एप्रिल २०१७ मध्ये शेतकऱ्यांनी पहाटे ओला पेंढा जाळून धुराचे छत धरले, जेणेकरून गारठलेल्या कोंबांवर उगवत्या सूर्याचे किरण थेट पडू नयेत. एप्रिल २०२१ मध्ये मात्र उपाय अपुरे पडले. पिनोच्या आधी फुटणाऱ्या शार्दोनेची सर्वाधिक हानी झाली आणि पांढऱ्या वाइनचे उत्पन्न अनेक बागांत नेहमीच्या अंशमात्र राहिले. त्यापूर्वीच्या वर्षी, २०२० मध्ये, खुडा ऑगस्टमध्येच आटोपत आला होता. २०२१ मध्ये हिमानंतरच्या थंड, पावसाळी उन्हाळ्यामुळे तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात, म्हणजे पुन्हा जुन्या सरासरीच्या जवळ गेला. २०२० ची वाइन विपुल, भरदार आणि उन्हाची. २०२१ ची थोडकी, हलक्या अंगाची आणि धारदार आम्लतेची. मर्सोच्या एखाद्या तळघरात एका फळीवर शेजारी पडलेल्या या दोन हंगामवर्षांत पंचांगाने एक वर्षाचे अंतर आहे. खुड्याच्या तारखा पाहता त्यांतील दुसरी १९८७ पूर्वीच्या बोनच्या दप्तरात सहज बसली असती. आणि तिच्याच बाटल्या सर्वांत कमी आहेत.